शून्य क्रमांकाची परिचारिका

ज्याची परीक्षा घ्यायची त्याला परीक्षेत लागणारी प्रत्येक गोष्ट आधीच हातात देऊन ठेवणं, हे प्रगत समाजाचं लक्षण आहे. मागासलेल्या काळात पोहणाऱ्याची परीक्षा पाण्यात घेत. त्यात बरेच उमेदवार बुडत आणि निकालाची टक्केवारी घसरे. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की दोष उमेदवारांचा नसून पाण्याचा आहे.

हा शोध संगणकाच्या धंद्यात जितका मनावर घेतला गेला तितका दुसरीकडे कुठेही घेतला गेलेला नाही. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची परीक्षा घ्यायला दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्याला चाचणी म्हणतात. चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो, नापास झाली की लाल. चाचणी लिहिणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा बहुधा एकच माणूस असतो (त्यामुळे पेपर फुटण्याची भीती राहत नाही).

आता कोणत्याही प्रोग्रॅमला काम करायचं तर चार गोष्टी लागतात. घड्याळ लागतं, यादी लागते, कोणीतरी माणूस लागतो. जुने प्रोग्रॅम या गोष्टी स्वतः शोधत हिंडायचे. नवा नियम असा की त्यांनी जागचं हलायचं नाही. जे लागेल ते बाहेरून कोणीतरी आणून हातात द्यायचं. याला 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' असं भारदस्त नाव आहे (रुग्णालयाच्या माणसांशी बोलताना हे नाव घेऊ नये, अशी कचेरीत लेखी सूचना होती). नाव नवं असलं तरी पद्धत घरोघरी चालते. गृहस्थ आंघोळीला जातो तेव्हा टॉवेल दारावर असतो, निघतो तेव्हा चष्मा, रुमाल आणि किल्ल्या हातात येतात, आणि दिवसभर तो आपण किती कर्तबगार आहोत हे लोकांना सांगतो. प्रोग्रॅमचंही तसंच.

चाचणीत मात्र खऱ्या वस्तू आणणं परवडत नाही. म्हणून चाचणीच्या डोक्यावर @ हे चिन्ह लावून एक ओळ चिकटवतात. पुस्तकात तिला ॲनोटेशन म्हणतात. या कथेतल्या कचेरीत तिला चिठ्ठी म्हणत. चिठ्ठीत लिहायचं, वीज = आहे; की त्या चाचणीपुरती वीज असते. चिठ्ठीत लिहायचं, ग्राहक = समजूतदार; की ग्राहक समजूतदार होतो. मनुष्यजातीला हजारो वर्षं जे साधलं नाही ते एका ओळीत होतं.

@वाचक(सवड = आहे, शंका = नाही)

ही कचेरी एका तीन मजली इमारतीत, चष्म्यांच्या दुकानाच्या वर होती. खोल्या पाच, खिडक्या सहा, त्यातल्या दोन उघडणाऱ्या. तिथे रुग्णालयांसाठी बेल तयार होत असे. बेल म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. बटण काय, कोणीही लावतं. खाटेवरच्या रुग्णाने बटण दाबलं की त्या वेळी कामावर कोण परिचारिका आहे, ती कुठे आहे, तिचे हात रिकामे आहेत का, हे पाहून तिला बोलावणारा प्रोग्रॅम म्हणजे बेल. तिने 'येते' असं कळवलं की खाटेजवळच्या लाऊडस्पीकरमधून तो शब्द रुग्णाला ऐकू जाई आणि डोक्यावरचा लाल दिवा मालवे.

बेलच्या दोन हजार एकशे सोळा चाचण्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हीच चिठ्ठी:

@परिचारिका(क्रमांक = ०, हजर = सदैव, अंतर = ० पावलं, हात = रिकामे, कंटाळा = नाही)

ही शून्य क्रमांकाची परिचारिका म्हणजे कचेरीचा अभिमान होता. तिला जेवायला लागत नसे. तिची पाळी संपत नसे. तिची आई आजारी पडत नसे आणि तिचा मुलगा शाळेत नापास होत नसे. बटण दाबताच ती 'येते हं' म्हणे, आणि चाचणी हिरवी होई. सकाळी कचेरीत शिरताच दोन हजार एकशे सोळा हिरवे ठिपके दिसत. ते पाहून गटप्रमुखांना गवतावर अनवाणी चालल्यासारखं वाटे. हे त्यांनी स्वतः एका बैठकीत सांगितलं होतं.

या शिस्तीत एकच खोट होती. तिला कचेरीत 'पणताई' म्हणत.

पणताई चाचणी विभागात होती आणि दर वाक्याची सुरुवात 'पण'ने करायची. एकदा तिने विचारलं, पण परिचारिका नसलीच तर? गटप्रमुखांनी शांतपणे समजावलं की परिचारिका नसण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती चिठ्ठीत आहे. पणताई म्हणाली, मग मी एक बिनचिठ्ठीची चाचणी लिहिते. लिहिली. ती लाल झाली. दोन हजार एकशे सोळा हिरव्या ठिपक्यांच्या शेवटी एक लाल ठिपका, पांढऱ्या सदऱ्यावर कालवणाचा डाग पडावा तसा. बैठक झाली. चाचणी नापास होते आहे, अर्थात चाचणी चुकीची आहे, असं एकमताने ठरलं (पणताईचं मत धरलं नाही, ते विरुद्ध असल्यामुळे एकमतात अडचण येत होती). चाचणी पुसली गेली आणि पणताईला 'सकारात्मक दृष्टी' या विषयावरच्या दोन तासांच्या वर्गाला पाठवलं.

शून्य क्रमांकाच्या परिचारिकेला 'येते हं' म्हणायला खरा आवाज हवा होता, तोही तिच्याच गळ्यात पडला. बाकी सगळ्यांनी आपला आवाज यंत्रात बरा येत नाही म्हणून अंग काढून घेतलं. पणताईने हातातलं काम न सोडता, मान वळवून, 'येते हं' असं एकदाच म्हटलं. कोणी बोलावलं की ती तसं म्हणायचीच, त्यामुळे वेगळा सराव करावा लागला नाही.

@वाचक(सवड = अजूनही आहे, काळजी = चेहऱ्यावर दिसत नाही)

बेल पहिल्यांदा बसवली ती एका मोठ्या रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात. खाटा बावीस. बसवायच्या दिवशी पणताई रजेवर होती. त्याच रुग्णालयात, खालच्या मजल्यावर, तिच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं.

वडील घड्याळजी. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची वेळ दुरुस्त केली होती. त्यामुळे त्यांना इतर काही कळो न कळो, किती वेळ लागला ते अचूक कळायचं. ऑपरेशन एक तास बावन्न मिनिटं चाललं, असं शुद्धीवर येताच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली, ती मात्र तीनदा: एकट्याने उठायचं नाही. सहा आठवडे. संडासला जायचं तर बेल दाबायची, परिचारिका येईल, तिच्या आधाराने जायचं. तोल जाऊन पडलात तर बसवलेला सांधा निखळेल आणि मग पुन्हा चालता येईलच असं सांगता येणार नाही. पणताईने हे डॉक्टरांकडून एकदा आणि वडिलांकडून शपथेवर दोनदा वदवून घेतलं. बेल आमचीच आहे, असंही ती जरा मान ताठ करून म्हणाली. मग त्यांना हाडांच्या वॉर्डातल्या चौदा नंबरच्या खाटेवर नेलं.

वरच्या मजल्यावर तोवर वेगळाच घोळ झाला होता. बेल सुरू होईना. पडद्यावर लाल अक्षरं आली: परिचारिका पुरवलेली नाही.

कारण साधं होतं. खऱ्या जगात परिचारिका चिठ्ठीतून येत नाही, रुग्णालयाच्या पाळीपत्रकातून येते. आणि पाळीपत्रक संगणकात नव्हतं. ते औषधांच्या कपाटाच्या मागे, भिंतीला खिळ्याने टांगलेलं होतं. रुग्णालयाचे संचालक सत्काराचा गुच्छ हातात घेऊन उभे होते. अशा प्रसंगी कचेरीतले सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रॅमर पुढे झाले. त्यांना सगळे काका म्हणत (वय एक्केचाळीस, त्या धंद्यात हे वय झाडाखाली बसवायचं मानतात). काकांनी घाम पुसला, चाचणीच्या डोक्यावरची चिठ्ठी उचलली आणि खऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर चिकटवली. तात्पुरती, असं ते म्हणाले. त्या धंद्यात हा शब्द इमारतीच्या पायासाठी वापरतात.

बेल तत्काळ सुरू झाली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पणताईने कामावर येऊन पाहिलं तर दोन हजार एकशे सोळा ठिपके हिरवे होते. तिने सगळ्या चाचण्या पास झाल्याच्या कागदावर सही केली, कारण त्या पास झाल्या होत्या.

@वाचक(आकडेवारीवर विश्वास = आहे)

पहिल्या नऊ दिवसांचा अहवाल रुग्णालयाने स्वतःहून छापला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

बेल वाजल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा सरासरी वेळ: पूर्वी चौदा मिनिटं, आता ०.० सेकंद.
प्रतिसाद न मिळालेल्या बेल: एकही नाही.
एकाच क्षणी जास्तीत जास्त रुग्णांना 'येते हं' म्हटल्याचा विक्रम: सतरा (सकाळी सहा वाजता).
परिचारिकांनी पायऱ्या आणि वॉर्ड मिळून चाललेलं अंतर: चाळीस टक्क्यांनी कमी.
लेखी तक्रारी: नाहीत. (तक्रारवही मिळवण्यासाठी बेल दाबावी लागते.)

वॉर्डाच्या मुख्य परिचारिका अकरा वर्षं बावीस खाटा सांभाळत होत्या, त्यातली बरीच वर्षं एकट्याने. नऊ दिवसांत त्यांना एकदाही बोलावणं आलं नाही. त्यांनी पहिल्यांदाच बसून अख्खा कप चहा प्यायला, गरम असताना. या खेपेचे रुग्ण फार समजूतदार आहेत, असं त्या घरी नवऱ्याला सांगत. सकाळ-संध्याकाळ औषधं देताना त्या प्रत्येक खाटेपाशी जात. रुग्ण त्यांच्याकडे जरा रोखून बघत, पण हाडांच्या वॉर्डात लोक तसं बघतातच.

महिनाअखेरीस उत्कृष्ट परिचारिका निवडायची होती. निवड समितीने आकडे मागवले आणि क्षणात निर्णय दिला: क्रमांक शून्य. ही बाई नेमकी कोण, हे कोणालाच आठवेना. दिवसपाळीच्या परिचारिकांना वाटलं ती रात्रपाळीची, रात्रपाळीच्यांना वाटलं दिवसपाळीची. एकीने तर ती जरा शिष्टच आहे, जिन्यात भेटली तरी बोलत नाही, असंही सांगितलं. प्रशासन अधिकारी म्हणाले, जी काम करते ती दिसत नसते. समारंभात तिच्या नावे शाल आणि प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतः स्वीकारलं, सत्कारमूर्ती कामात असल्यामुळे. शालीला वापर नको म्हणून ती अधिकाऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकण्यात आली.

@वाचक(भेटीची वेळ = चार ते सहा)

पणताई रोज संध्याकाळी वडिलांजवळ अर्धा तास बसायची. मांडीवर लॅपटॉप असे. पाणी ती द्यायची, उशी ती सरकवायची. तेवढ्या वेळात बेलची गरज पडत नसे. दहाव्या दिवशी वडिलांच्या पट्टीखाली ओलसर काहीतरी दिसलं. आपण हात लावू नये म्हणून तिने बटण दाबलं.

'येते हं,' असं लाऊडस्पीकर म्हणाला.

लाल दिवा मालवला. पणताई काही क्षण तशीच बटणावर बोट ठेवून उभी राहिली. आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला आधी तो दुसऱ्या कोणाचा वाटतो. तिला तो लगेच आपला वाटला, कारण मागे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

'हा माझा आवाज आहे,' ती म्हणाली.

'मग?' वडील म्हणाले. 'दहा दिवस ऐकतोय.'

'आणि मला बोलला नाहीत?'

'तुला काय बोलायचं? मला वाटलं, तू ऑफिसातून उत्तर देतेस. कामात असशील, म्हणून येत नसशील. कामाच्या माणसाला किती वेळा हाक मारायची?'

पणताईने बटणावरचं बोट काढलं. मग तिने जो प्रश्न विचारला त्याला तिच्याकडे कुठलीही चिठ्ठी नव्हती. 'बाबा, मग तुम्ही संडासला कसे जाता?'

वडील खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं पाण्याची टाकी सोडून काही नव्हतं.

उत्तर पंधरा नंबरने दिलं. पंधरा नंबरवर पाय टांगलेला एक निवृत्त बस कंडक्टर होता. त्याने सांगितलं की घड्याळजी पहाटे आणि दुपारी उठतात. आधी खिडकीचा गज, मग स्टूल पुढे ढकलत सोळा पावलं, मग दाराची कडी. रस्ता मोकळा आहे की नाही ते आपण इथून ओरडून सांगतो. 'काल स्टूल सटकलं. तरी मी थांबा म्हणत होतो. सांगितलं का यांनी?'

'तुम्ही जरा गप्प बसा हो,' वडील म्हणाले.

'मी गप्प बसलो तर तुम्ही दवाखान्यातच मुक्काम कराल. ताई, यांना पकडलं ते झाडूवाल्या बाईने. बरगडीत कोपर घालून. नाहीतर काल आटोपलंच होतं.'

पणताईने वडिलांकडे पाहिलं. बरगडीवर निळं पडलं होतं, ते त्यांनी चादरीने झाकलं. 'आणि काहीच होणार नाही हे माहीत असताना बटण तरी कशाला दाबायचात?' तिने विचारलं.

'दाबायचो आपला,' ते म्हणाले. 'तेवढंच तू बोलल्यासारखं वाटायचं.'

तिने लॅपटॉप बंद केला. मुख्य परिचारिकेला ती पायांनी चालत जाऊन घेऊन आली. त्यांनी पट्टी बदलली आणि विचारलं, अहो, एवढं ओलं होईपर्यंत बेल नाही का वाजवायची? बावीस खाटांवरून एकाच वेळी जो आवाज उठला त्याची अहवालात नोंद नाही.

@वाचक(एकमत = आहे)

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. पणताईने सगळं सांगितलं. काकांनी, तात्पुरतंच होतं ते, असं कबूल केलं आणि पाळीपत्रक जोडायचं काम पुढच्या तिमाहीच्या यादीत सत्तावीस नंबरवर असल्याचं दाखवलं. गटप्रमुखांनी पडदा उघडला. हिरवळ होती तशीच होती.

'प्रोग्रॅममध्ये दोष नाही,' ते म्हणाले. 'परिचारिका पुरवली की ती येते म्हणते.'

'पण ती नाहीये.'

'कोण?'

'परिचारिका.'

'आहे की. ही बघ.' त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

'पण माझे वडील पडले असते.'

गटप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी वडिलांची आपुलकीने चौकशी केली, आपल्या सासूबाईंच्या खुब्याचा अनुभव सांगितला, वेलचीचा चहा मागवला. मग म्हणाले की चिठ्ठी काढली तर बेल बंद पडेल, प्रतिसादाचा वेळ शून्यावरून अनंतावर जाईल, आणि शून्य व अनंत यांत ग्राहक कोणता आकडा पसंत करेल हे तिनेच सांगावं. विषय समितीकडे सोपवावा असं ठरलं. समितीची बैठक महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. तो कालच झाला होता.

पणताईने हिशोब केला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारपर्यंत वडील आणखी साठेक वेळा उठतील. सोळा पावलं जायची, सोळा यायची. दर पावलाला स्टूल.

तिने चहा संपवला, जागेवर गेली आणि सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चिठ्ठी काढून टाकली. वर एक ओळ लिहिली: शून्य क्रमांक चालणार नाही. खाली आपली सही केली. चाचणी विभागाला असा अधिकार होता. तो अकरा वर्षांत कोणी वापरला नव्हता, म्हणून काढून घ्यायचं राहून गेलं होतं.

रुग्णालयात त्याच क्षणी, हाडांच्या वॉर्डाच्या दारावरचा मोठा पडदा लाल झाला आणि वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं गेलं: परिचारिका पुरवलेली नाही.

मुख्य परिचारिकांनी चष्मा लावून ते वाचलं.

'हे मी अकरा वर्षं सांगतेय,' त्या म्हणाल्या.

त्यांचे अर्ज फायलीत होते. फाईल बंद करता येते. पडदा बंद होईना. भेटीच्या वेळेला नातेवाईक आले, त्यांनी वाचला, फोनवर फोटो काढले. संचालक स्वतः वर आले. वॉर्डाचा रस्ता त्यांना विचारावा लागला. परिचारिका पुरवल्याशिवाय यंत्र गप्प बसणार नाही हे कळल्यावर औषधांचं कपाट ओढून पाळीपत्रक काढण्यात आलं. त्यात या वॉर्डाच्या तीन परिचारिका होत्या. एक निवृत्त झाली होती, एकीची डोळ्यांच्या विभागात बदली झाली होती, आणि तिसरी तिथेच चष्मा लावून उभी होती. रात्रीपर्यंत दोन परिचारिका खालून पाठवण्यात आल्या आणि तिघींची नावं हाताने संगणकात भरण्यात आली. संगणकाने माणसांच्या नोकऱ्या जातात असं म्हणतात. एका लाल ओळीने दोन जागा भरल्याचं हे उदाहरण म्हणून नोंदवून ठेवावं.

त्यानंतरच्या आठवड्याचा अहवाल छापण्यात आला नाही. प्रतिसादाला लागणारा वेळ सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर गेला. लेखी तक्रारी शून्यावरून एकाहत्तरवर गेल्या. पूर्वीच्या बाई गोड बोलायच्या, या येतात पण कपाळाला आठी असते, असा त्यांचा साधारण सूर होता. समाधानाचा निर्देशांक इतका खाली आला की तो छापायला तळटीप लागली. दर्जा खालावल्याबद्दल रुग्णालयाने कचेरीला पत्र पाठवलं आणि निदान वार्षिक तपासणीच्या आठवड्यापुरती शून्य क्रमांकाची परिचारिका परत देता येईल का, अशी विनंती केली. विनंती विचाराधीन आहे. पणताईच्या वार्षिक अहवालात गटप्रमुखांनी लिहिलं: कामसू, वक्तशीर, चिठ्ठ्या काढण्याकडे कल.

चौदा नंबरच्या खाटेवरून बेल वाजली की आता एक थोराड परिचारिका यायची, काखेत हात घालून घड्याळजींना उठवायची आणि सोळा पावलं वाटभर त्यांना रागवायची. 'आज सहा मिनिटं दहा सेकंद,' ते तिला सांगायचे. ती म्हणायची, उद्या तुम्ही धावत या, म्हणजे मी जागेवर थांबते. तिने त्यांना एकदाही पडू दिलं नाही.

*

वडील घरी आले. पणताई कामावर जाऊ लागली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फोन करायची.

'बरं आहे ना, बाबा?'

'हो.'

'गोळ्या घेतल्या ना? व्यायाम केला ना?'

'घेतल्या. केला.'

सगळं मिळून अठरा सेकंद. एका मंगळवारी तिने फोन ठेवला, डब्याचं झाकण उघडलं आणि तशीच बसली. तिचे तिन्ही प्रश्न तिला समोर लिहिल्यासारखे दिसत होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उत्तर चिकटवलेलं होतं. वडिलांना फक्त पास व्हायचं होतं. ते आज्ञाधारक होते, झाले.

तिने पुन्हा फोन लावला. 'बाबा, आज काय काय झालं?'

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

'तुला वेळ आहे?' त्यांनी विचारलं.

'आहे.'

त्यांनी सांगायला सुरुवात केली. व्यायाम रविवारपासून केलेला नाही, कारण पाय उचलला की कळ डोक्यात जाते. एक गोळी घेतली की पोटात ढवळतं, म्हणून ती ते कुंडीत टाकतात. न्हाणीघरात शिरताना उंबऱ्यापाशी भीती वाटते, म्हणून चार दिवस आंघोळ नाही. खालच्या मजल्यावर एकाने घड्याळ दाखवायला आणलं होतं, हात थरथरला, परत दिलं. पणताईने आयुष्यात पहिल्यांदाच 'पण' गिळला. संभाषण बेचाळीस मिनिटं चाललं (हा आकडा त्यांनी दिला). त्यात नऊ गोष्टी लाल निघाल्या. संध्याकाळी ती डॉक्टरांकडे गेली, गोळी बदलून घेतली, आणि न्हाणीघराच्या दाराला धरायला दांडा बसवायला सुतार बोलावला.

वाचकांपैकी काहींना आपली कचेरी आठवून हसू आलं असेल. ते योग्यच आहे. त्या धंद्यातली माणसं विनोदीच असतात. आपला त्या धंद्याशी संबंध नाही. आपण फक्त या आठवड्यात केव्हातरी घरी फोन केला असेल, चालता चालता, दुसऱ्या हाताने काहीतरी करत, आणि विचारलं असेल: जेवलात ना, झोप लागते ना, सगळं ठीक आहे ना. तीन चाचण्या, तिन्ही पास, वेळ वीस सेकंदांच्या आत. निकाल उत्तम आहे. फोन ठेवल्यावर तिकडे कोण किती वेळ तो हातात धरून बसलं होतं, हे मोजायची सोय त्यात नव्हती.